पक्षाघातानंतरचा थकवा



कामगार चळवळीतल्या माणसाने वैद्यकाच्या विषयावर बोलायला उभे राहावे याचे काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नाही. शाळाही मी सातवीपुढे पाहिलेली नाही; पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि कामगारांच्या अर्जांच्या फायलींतून. परंतु कामाचे तास, सुटी, रजा आणि मजुरी यांवरच्या भांडणांत ज्याची तीस वर्षे गेली, त्याला थकवा हा विषय परका नसतो. थकवा हा कामगाराच्या आयुष्यातला रोजचा सोबती आहे. त्यातला एक प्रकार मात्र असा आहे की तो डोळ्यांना दिसत नाही, मोजता येत नाही, आणि ज्याला होतो त्यालाही नीट सांगता येत नाही. त्याविषयी आज बोलायचे आहे.

संघटनेच्या कचेरीत अधूनमधून एखादा तरुण येतो. वय अठ्ठावीस, तीस, पस्तीस. वर्षा-दीड वर्षापूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला असतो. हात सुधारलेला असतो, चालण्यात किंचित फरक असतो किंवा तोही नसतो. डॉक्टरांनी कामावर जाण्यास हरकत नाही असा दाखला दिलेला असतो. आणि तरी महिन्याभरात त्याच्यावर आळशीपणाचा ठपका येतो. तो सांगतो, "भाऊ, सकाळी बरा असतो. दुपारी दोन वाजले की दिव्यातले तेल संपावे तसे होते. मग समोरचा काय बोलतो तेही डोक्यात शिरत नाही." मुकादमाला हे पटत नाही. घरच्यांनाही पटत नाही. हळूहळू त्या तरुणाला स्वतःलाच शंका येऊ लागते की आपण खरोखरच कामचुकार झालो की काय.

तो कामचुकार झालेला नसतो. हे आज पटवून द्यावे, एवढाच माझा हेतू आहे.

वारे नव्हे, रक्त

आपल्याकडे या आजाराला "अंगावरून वारे गेले" म्हणतात, कोणी लकवा म्हणतात, कोणी अर्धांगवायू. या सगळ्या शब्दांमुळे असा समज होतो की बिघाड हातापायांत आहे. वस्तुतः बिघाड मेंदूत असतो. मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त पुरवणारी नलिका गुठळीने बंद होते किंवा फुटते, आणि तो भाग मरू लागतो. त्या भागाच्या ताब्यात जो हात, जो पाय, जी वाचा असेल ती जाते. मोठी नलिका तुंबली, तर उपचाराविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला मेंदूतल्या सुमारे 19 लाख पेशी मरतात असा हिशेब 2006 साली मांडला गेला आहे. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, की घड्याळ पाहावे आणि थेट मोठे रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. तो वेळ अंगारा लावण्यात, तेल किंवा कबुतराचे रक्त चोळण्यात गेला, तर तो परत मिळत नाही.

हा आजार शहरातल्या सुखवस्तू लोकांचा, असाही एक समज आहे. मुंबईत 2005-06 साली एका वस्तीतील पक्षाघाताच्या रुग्णांची नोंद ठेवण्यात आली. तीत दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे 145 जणांना पहिला झटका आल्याचे दिसले, आणि दर पाचांपैकी चौघांत कारण गुठळीचे होते. परंतु गडचिरोलीसारख्या अरण्यप्रदेशात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 86 गावांतील मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा तेथेही मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हेच निघाले. शंभरांतले चौदा मृत्यू त्याचे होते. हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. जी गावे कष्टाने जगतात, त्यांनाही हा आजार सोडत नाही.

तो बहुतांशी उतारवयाचा आजार आहे हे खरे. परंतु पन्नाशीच्या आतल्या माणसांनाही तो होतो, आणि आपल्या देशात त्याची कारणे आपल्या राहणीत दडलेली आहेत. तरुणपणी रक्तदाब कोणी मोजत नाही. तंबाखू, विडी आणि मिसरी यांना व्यसन म्हणायचीही आपली तयारी नसते. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब झालेल्या असतात आणि तेथे गुठळी बनून ती मेंदूत जाते. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या नलिकांत गुठळी होणे हा प्रकार आपल्याकडील तरुण स्त्रियांत विशेष आढळतो. ओल्या बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जी चाल काही घरांत आहे, ती या संकटाला हातभार लावते. ही चाल आजपासून सोडावी.

दमणे, शिणणे आणि हा थकवा

आता मूळ विषयाकडे येतो. आपल्या मराठीत थकव्याला शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांत फरक आहे. नांगर हाकून माणूस दमतो. बांधावर बसला, तांब्याभर पाणी प्याला की दम परत येतो. लांबचा प्रवास करून माणूस शिणतो. एक रात्र झोपला की शीण जातो. या दोन्ही प्रकारांत तीन गोष्टी सारख्या आहेत. कारण दिसते, थकवा कारणाच्या प्रमाणात असतो, आणि विश्रांतीने तो जातो.

पक्षाघातानंतरच्या थकव्यात या तिन्ही गोष्टी उलट होतात. काम नसतानाही तो येतो. अंघोळ, कपडे आणि दोन माणसांशी बोलणे एवढ्यानेही माणूस गळून जातो. रात्रभर झोपूनही तो सकाळी जागचा हलत नाही. आणि तो केवळ अंगाचा नसतो. गोंगाटात बसणे, हिशेब करणे, एकाच वेळी दोघांचे बोलणे ऐकणे, यांनी तो अधिक वाढतो. ज्या माणसाने पूर्वी पन्नास किलोचे पोते सहज उचलले, त्याला आता लग्नघरात तासभर बसणे जड जाते. हे ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते, पण तसे घडते.

हा कोणाचा भ्रम नव्हे, याला आता पुरावा आहे. देशोदेशीच्या पाहण्या एकत्र केल्या असता पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना हा थकवा असतो असे निघते. तरुणांविषयी युरोपातल्या दोन पाहण्या लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. नॉर्वेत तरुण वयात झटका आलेल्यांना सुमारे सहा वर्षांनी विचारले, तेव्हा शंभरांत 51 जणांना थकवा होता; त्याच वयाच्या इतर लोकांत तो 32 जणांना होता. नेदरलँड्समध्ये 18 ते 50 या वयात झटका आलेल्यांना सुमारे दहा वर्षांनी विचारले. तेथे हे आकडे 41 आणि 18 असे आले. म्हणजे दहा वर्षांनीही हे ओझे उतरलेले नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की झटका सौम्य होता म्हणून थकवा सौम्य असेल असे मुळीच नाही. ज्याचा हात पूर्ण सुधारला, ज्याच्याकडे पाहून कोणाला आजाराची शंकाही येणार नाही, त्यालाही तो तितकाच छळतो. किंबहुना अशाच माणसाचे हाल अधिक होतात. लंगडणाऱ्याला लोक बसायला जागा देतात. धडधाकट दिसणाऱ्याला देत नाहीत.

असे का होते

याचे पूर्ण उत्तर शास्त्रज्ञांच्या हाती अजून आलेले नाही; परंतु काही धागे सापडले आहेत. मेंदूचे वजन शरीराच्या शंभरांत दोन भाग, पण शरीराला लागणाऱ्या एकंदर शक्तीपैकी सुमारे वीस भाग तो एकटा खातो. त्यातला एक तुकडा मेला की त्याचे काम शेजारचे आणि पलीकडच्या बाजूचे भाग उचलतात. आपल्या परिचयाची उपमा द्यायची तर मागावरचे दोन कामगार गेले आणि उरलेल्यांनी त्यांचे माग सांभाळले, तर कापड निघते, पण उरलेले कामगार दुप्पट पिळून निघतात. बाहेरून पाहणाऱ्याला कापडच दिसते. तसेच या तरुणाचे होते. पूर्वी जी गोष्ट विचार न करता होत असे, ती आता लक्ष देऊन करावी लागते. चालण्याचेच पाहा. एका बाजूची शक्ती कमी झालेल्या माणसाला तेवढेच अंतर चालायला दीडपट ते दुप्पट शक्ती खर्च करावी लागते.

दुसरा धागा असा की मेंदूला इजा झाल्यावर शरीरात जी दाहाची क्रिया सुरू होते, तिनेही ग्लानी येते. ताप आल्यावर आपल्याला जसे पडून राहावेसे वाटते, त्याच जातीचा हा प्रकार असावा. तिसरा धागा असा की कष्ट किती पडले याचा अंदाज मेंदूच करतो, आणि तो अंदाज करणारी यंत्रणाच बिघडते. हलके ओझे मग जड लागते. ते खोटे नसते. त्याच्या मेंदूपुरते ते ओझे खरोखरच जड असते.

याखेरीज काही कारणे अशी असतात की ती शोधली तर दूर होतात. रक्त कमी असणे, कंठातील थायरॉइड ग्रंथी मंद असणे, जीवनसत्त्वांची उणीव, झोपेत घोरताना श्वास अडणे, फिट्सच्या किंवा इतर औषधांनी येणारी गुंगी, आणि मनाची उदासी, ही ती कारणे. उदासी आणि थकवा पुष्कळदा एकत्र येतात, पण दोन्ही एक नव्हेत. उदास माणसाला काही करावेसेच वाटत नाही. या थकव्यातल्या माणसाला करावेसे वाटते पण होत नाही. तेव्हा पहिली पायरी ही की डॉक्टरांकडे जाऊन नुसते "बरे वाटत नाही" असे न सांगता थकवा कधी येतो, कशाने वाढतो आणि किती वेळ राहतो, हे आठवडाभर वहीत लिहून ती वही दाखवावी. औषधे मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी थकव्याच्या नावाखाली सोडली, तर दुसऱ्या झटक्याला आमंत्रण दिल्यासारखे होते.

विसाव्याचे शास्त्र

या थकव्यावर रामबाण औषध अजून निघालेले नाही. काही औषधांचे प्रयोग झाले, काहींत थोडा गुण दिसला, पण खात्रीने द्यावे असे एकही नाही. जे उपयोगी पडते ते म्हणजे शक्तीचा हिशेब. आणि हा हिशेब आपल्या भागाला नवा नाही.

आपण जेथे जमलो आहोत त्या कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या येतात. शेकडो मैल चालणारी दिंडी पडेपर्यंत चालत नाही. तिचे विसावे ठरलेले असतात, मुक्काम ठरलेले असतात, आणि पाय दुखण्याच्या आधीच विसावा येतो. म्हणूनच साठीतली माउली घाट उतरून समाधीपर्यंत पोहोचते. जो तरुण पहिल्या दिवशी ऐटीत पुढे पळतो, तो तिसऱ्या दिवशी गाडीत बसतो.

पक्षाघातातून उठलेले तरुण नेमकी हीच गल्लत करतात. एखादा दिवस बरा उगवला की साचलेली सगळी कामे त्याच दिवशी उरकतात, आणि पुढचे दोन दिवस आडवे पडतात. बरे वाटले की पुन्हा तेच. यावर उपाय दिंडीचा आहे. बऱ्या दिवशी थोडे कमी करावे, वाईट दिवशी थोडे तरी करावे. अवघड काम ज्या वेळी डोके ताजे असते त्या वेळी, बहुधा सकाळी, घ्यावे. दर काही वेळाने, थकवा येण्यापूर्वीच, दहा-पंधरा मिनिटे शांत जागी डोळे मिटून बसावे. एका वेळी एकच काम करावे. रात्रीची झोप मोडेल एवढे दुपारी झोपू नये.

विसावा म्हणजे अंथरूण धरणे नव्हे, हेही तितकेच खरे. पडून राहिल्याने स्नायू झिजतात आणि थकवा उलट वाढतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने चालणे हळूहळू वाढवावे. आज पाच मिनिटे, पुढच्या आठवड्यात सात. नेदरलँड्समध्ये 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा आठवडे मनाला वळण देण्याचे शिक्षण आणि त्याला जोडून क्रमाने वाढवलेला व्यायाम दिला, तेव्हा नुसत्या शिक्षणापेक्षा जोडीचा गुण अधिक आला. ही दोन्ही कामे आपल्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी आणि जिल्हा रुग्णालयात सुरू करण्यास फार मोठा खर्च लागत नाही. व्यायाम शिकवणारा माणूस आणि पाठपुरावा लागतो.

विश्रांती ही कामाची बाजू आहे

येथे माझ्या क्षेत्रातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. विश्रांती म्हणजे आळस, हे मालकांचे जुने मत आहे. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुटीदेखील नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 सालापासून कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 1890 च्या जूनमध्ये रविवारची सुटी मिळाली. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्लंडात दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांची पाहणी झाली आणि असे दिसले की तास कमी केले तर उत्पादन घटत नाही, कित्येकदा वाढते. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची सुटी सक्तीची केली. थकवा खरा आहे, तो मोजण्याजोगा आहे, आणि विश्रांती ही कामाचाच भाग आहे, हे निरोगी कामगाराच्या बाबतीत सिद्ध करायला आम्हांला साठ-सत्तर वर्षे लागली. पक्षाघातातून उठलेल्या तरुणाच्या बाबतीत तेच पुन्हा सिद्ध करावे लागत आहे.

डेन्मार्कमधल्या एका पाहणीत झटक्यानंतर दोन वर्षांनीही ज्यांचा थकवा तीव्र होता, ते पगारी कामावर परतण्याचे प्रमाण कमी होते. म्हणजे माणसाचा हात सुधारतो आणि नोकरी थकव्यापायी जाते. यावर उपाय मालकाला परवडणारे आहेत. पहिले दोन-तीन महिने अर्धा दिवस, रात्रपाळी नको, गोंगाटाच्या खात्यातून बदली, आणि मध्ये दोन छोटे विसावे. शिकवलेला, अनुभवी कामगार घालवून नवा आणण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

कायद्याचा आधारही माहीत असावा. कर्मचारी राज्य विम्यात असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या शंभरांत 70 भाग मिळतात. दीर्घ आजारांच्या यादीत अर्धांगवायू आहे. अटी पुऱ्या केल्यास शंभरांत 80 भाग दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. पुष्कळांना हे ठाऊक नसते आणि ते तीन महिन्यांनी पडत-झडत कामावर येतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकराला नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून काढून टाकता येत नाही. परंतु दाखल्याच्या वेळी मुख्यतः हातापायांची शक्ती आणि हालचाल मोजली जाते, आणि बहुतेक सवलतींना शंभरांत 40 ची अट आहे. ज्याचे सारे दुखणे थकव्यातच आहे, तो या मापात बसत नाही. ही उणीव भरून काढण्याची मागणी संघटनांनी केली पाहिजे.

अर्धा कोयता

हे सगळे पगारपत्रक असणाऱ्यांचे झाले. आपल्या बीड जिल्ह्याचा मोठा भाग त्या पत्रकाबाहेर आहे. कपिलधारची यात्रा भरते त्या सुमारास आसपासची गावे रिकामी झालेली असतात, कारण माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. तेथे हिशेब कोयत्याचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, आणि ती फडात फेडायची. एक दिवस काम बुडाले की खाडा. या जोडीतल्या एकाला तिशीत झटका आला तर उरतो तो अर्धा कोयता; उचल मात्र पूर्णच राहते. मग जो कसाबसा उठून उभा राहतो त्याला पहाटे मोळ्या बांधायला जावे लागते. त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू की दर तासाला पंधरा मिनिटे डोळे मिटून बैस?

म्हणून मी असे म्हणतो की या आजाराचा अर्धा इलाज रुग्णालयाबाहेर आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे कल्याण महामंडळ उभे आहे. तोडीला निघण्यापूर्वी प्रत्येकाचा रक्तदाब मोजला जावा, ज्याला झटका आला त्याच्या खाड्याला माफी आणि उचलीच्या फेडीला मुदत मिळावी, या मागण्या काही आकाशातल्या नव्हेत. रक्तदाब मोजायला दोन मिनिटे लागतात. आणि स्त्रियांचा विचार तर वेगळाच करावा लागेल. पुरुष आजारी पडला तर निदान तो बसलेला दिसतो. बाई आजारातून उठली की चूल, पाणी, मूल तिच्याकडे त्याच दिवशी परत येतात, आणि तिचा थकवा कोणी विचारतही नाही.

घरच्या माणसांना मात्र आजच करता येण्याजोगे एक काम आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. "दिसतोस तर चांगला" हे वाक्य बोलणे बंद करावे. त्या ऐवजी "आज किती झेपेल?" असे विचारावे. त्याने दिलेले उत्तर खरे मानावे. सगळी कामे त्याच्या हातून काढूनही घेऊ नयेत. निरुपयोगी झालो ही भावना थकव्यापेक्षाही माणसाला लवकर खाते. एक काम त्याचे ठेवावे, ते त्याच्या वेळेने आणि त्याच्या चालीने होऊ द्यावे.

मंडळी, पक्षाघातातून वाचलेला तरुण पुढे तीस-चाळीस वर्षे जगणार असतो. डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला म्हणजे काम संपले असे नाही. ती तीस-चाळीस वर्षे कशी जातील हे कारखाना, फड, सरकार आणि घर ठरवणार आहे. जो थकवा दिसत नाही त्यावर विश्वास ठेवणे, ही त्यातली पहिली पायरी. ती आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात आहे, आणि ती चढल्याशिवाय पुढची एकही मागणी आपल्याला नेटाने मागता येणार नाही.